पुणे परिसरात तंत्रज्ञान किंवा जीवविज्ञान कंपनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जीवविज्ञानाची किंवा संगणक तंत्रज्ञानाची कंपनी काढावी का, आणि काढायची तर नेमकी कोठे, असे मला गेली काही वर्षे सातत्याने विचारले जाते. विचारणाऱ्यांत परदेशांतून परतू पाहणारे मराठी संशोधक असतात, मुंबईच्या औषध कंपन्यांत उमेदीची वर्षे घालवलेले रसायनशास्त्रज्ञ असतात आणि पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थीही असतात. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न: या क्षेत्रांसाठी पुण्याचे नाव इतक्या आवर्जून का घेतले जाते?

स्वस्त जमीन, सवलती किंवा उत्तम हवा ही त्याची खरी कारणे नाहीत. पुण्याची खरी पुंजी म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातच सार्वजनिक पैशातून येथे उभ्या राहिलेल्या संस्था आणि त्यांत घडलेली माणसे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनसीएलचे, उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले आणि तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, अर्थात एनआयव्ही, म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि देशात पेनिसिलीन बनू लागले. मोठ्या टाकीत सूक्ष्मजीव वाढवून त्यांच्याकडून औषध काढून घेण्याची विद्या या कारखान्यामुळे पुण्याच्या परिसरात रुजली. त्या कारखान्याची आजची अवस्था पूर्वीसारखी नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. परंतु तेथे काम शिकलेली माणसे पुढे खासगी उद्योगांत गेली आणि ते ज्ञान सोबत घेऊन गेली.

या सर्वांच्या आधीपासून अभियांत्रिकी महाविद्यालय होतेच. १८५४ मध्ये सुरू झालेली ही संस्था आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. १९४६ मध्ये बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, तर १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले. एखाद्या नव्या शहराला भूखंड, रस्ते आणि काचेच्या इमारती दहा वर्षांत उभ्या करता येतात, परंतु विषाणू हाताळणाऱ्या तंत्रज्ञांची तिसरी पिढी दहा वर्षांत तयार होत नाही.

प्रश्न: या सरकारी संस्थांचा बाहेरच्या लहान कंपनीला प्रत्यक्ष उपयोग काय?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो फार कमी लोक विचारतात. पाषाणच्या डॉ. होमी भाभा रस्त्यावर एनसीएल, उष्णदेशीय हवामान संस्था आणि २००६ मध्ये स्थापन झालेली आयसर ही विज्ञान संस्था आहे. तेथून जवळच सूस रस्त्यावर एनआयव्हीचा दुसरा परिसर आहे आणि तेथे सर्वोच्च जैवसुरक्षेची, म्हणजे चौथ्या स्तराची, प्रयोगशाळा आहे. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची आघारकर संशोधन संस्था शहरातच आहे. इतक्या वेगवेगळ्या शास्त्रांच्या संस्था इतक्या कमी अंतरात असणे देशात दुर्मीळ आहे.

उपयोगाचे एक साधे उदाहरण घेऊ. आंबवण्याच्या प्रक्रियेवर काम करणाऱ्या कंपनीला प्रथम विश्वासार्ह सूक्ष्मजीव हवा असतो. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह एनसीएलमध्ये आहे आणि तेथून शुल्क भरून जिवाणू किंवा यीस्टचे ओळख पटवलेले वाण मिळवता येते. प्राणिपेशींवर औषध तपासायचे असेल, तर पेशी विज्ञान केंद्राचा पेशीसंग्रह आहे आणि देशभरातील प्रयोगशाळा तेथून पेशी मागवतात. पुण्यातील संशोधक मात्र सकाळी शीतपेटी घेऊन जातो आणि दुपारी पेशी इनक्युबेटरमध्ये ठेवतो. वाहतुकीत पेशी मेल्यामुळे आठवडा वाया गेलेल्या कोणालाही या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

एनसीएलच्या परिसरात २००७ मध्ये सुरू झालेले व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांचे संगोपन केंद्र आहे. तेथे प्रयोगशाळेतील एक बाक भाड्याने मिळतो, महागडी उपकरणे तासाच्या दराने वापरता येतात आणि पेटंटविषयी सल्ला मिळतो. जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या केंद्र सरकारच्या बायरॅक संस्थेचे ५० लाख रुपयांपर्यंतचे ‘बिग’ अनुदानही अशा केंद्रांमार्फत मिळते. स्वतःचे पैसे यंत्रांत गुंतवण्याआधी आपली कल्पना प्रयोगात टिकते का, हे पाहण्याचा इतका सोयीचा मार्ग मला दुसरा माहीत नाही.

प्रश्न: लसनिर्मितीत पुण्याचे स्थान नेमके काय आहे?

डोसांच्या संख्येनुसार जगातील सर्वांत मोठा लसउत्पादक, सीरम इन्स्टिट्यूट, हडपसरला आहे. सायरस पूनावाला यांनी ती १९६६ मध्ये स्थापन केली. पूनावाला कुटुंबाचा व्यवसाय घोड्यांच्या पैदाशीचा होता आणि शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे प्रतिविष बनवण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोडे आपले आहेत, तर त्यांच्या रक्तापासून मिळणारे औषध आपणच का बनवू नये, या विचारातून ही कंपनी उभी राहिली. म्हणजे या यशाच्या मुळाशीही १८९९ मध्ये स्थापन झालेली एक सार्वजनिक संस्था आहे, आणि हा दुवा सहसा सांगितला जात नाही.

मला व्यक्तिशः सर्वांत मोलाची वाटते ती मेनॲफ्रिव्हॅक या लसीची कथा. आफ्रिकेतील मेंदुज्वराच्या साथी रोखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेला ५० अमेरिकी सेंटहून कमी किमतीची लस हवी होती. इतक्या कमी किमतीत ती बनवण्याचे काम पुण्याच्या सीरमने स्वीकारले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत या लसीची मोहीम सुरू झाली आणि ज्या देशांत ती दिली गेली, तेथे त्या प्रकारचा मेंदुज्वर जवळजवळ नाहीसा झाला. त्यानंतर ऑक्सफर्डच्या संशोधनावर आधारलेली कोव्हिशील्ड येथेच बनली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली आर-२१ ही हिवतापाची लसही येथेच बनते.

सीरमखेरीज इतर नावेही लक्षात ठेवावीत. हिंजवडीतील जिनोव्हा कंपनीने देशातील पहिली एमआरएनए लस, म्हणजे विषाणूचे प्रथिन बनवण्याचा संदेश पेशींना देणारी लस, विकसित केली आणि तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती भुकटीच्या रूपात असल्याने साध्या शीतकपाटाच्या, म्हणजे २ ते ८ अंश, तापमानात टिकते. आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रांची परिस्थिती ज्याला ठाऊक आहे, त्यालाच हा विचार सुचू शकतो. कोरोनाची पहिली भारतीय बनावटीची आरटी-पीसीआर चाचणी मार्च २०२० मध्ये मंजूर झाली, तीही पुणे परिसरातील मायलॅब या कंपनीची होती.

प्रश्न: माहिती-तंत्रज्ञान आणि जीवविज्ञान यांचा येथे खरोखर मेळ आहे, की दोन्ही उद्योग केवळ शेजारी शेजारी आहेत?

बराच काळ ते केवळ शेजारीच होते, हे मान्य करायला हवे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने, अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बांधून दाखवला. १९९० मध्ये पर्सिस्टंट आणि केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपन्या सुरू झाल्या, त्यानंतर हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आले आणि शहराची ओळखच बदलली. त्याच काळात विद्यापीठातील जैवमाहितीशास्त्र केंद्र प्रथिनांच्या रचनांवर संगणकाने शांतपणे काम करत होते, पण हिंजवडीला त्याची फारशी दखल नव्हती.

आता चित्र बदलले आहे. आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे. वैद्यकीय चाचण्यांची माहिती हाताळणे, जनुकीय क्रम वाचणे, रुग्णालयांच्या प्रतिमांचे विश्लेषण करणे ही कामे पुण्यात मोठ्या प्रमाणावर होतात आणि त्यासाठी लागणारे संगणक अभियंते येथे सहज मिळतात. यंत्रनिर्मितीशीही एक मेळ आहे आणि तो मला अधिक आश्वासक वाटतो. भोसरी, चिंचवड आणि चाकणमध्ये मोटारींसाठी सुटे भाग बनवणारे शेकडो लहान कारखाने आहेत. मायक्रॉनच्या मापात काम करणारा, साचे बनवणारा आणि स्टेनलेस स्टीलचे निर्दोष वेल्डिंग करणारा कारागीर वैद्यकीय उपकरणाचा पहिला नमुना किंवा सूक्ष्मजीव वाढवण्याची लहान टाकी, म्हणजे बायोरिअॅक्टर, आठवड्याभरात बनवून देऊ शकतो.

प्रश्न: जागा कोठे घ्यावी?

कंपनी काय करणार आणि कोणत्या टप्प्यावर आहे, यावर हे अवलंबून आहे. केवळ संशोधन असेल आणि माणसे दहाच्या आत असतील, तर पाषाण, बाणेर, औंध या पट्ट्यातच राहावे. भाडे जास्त पडेल, परंतु संस्थांशी रोजचा संपर्क राहील. हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यात एमआयडीसीच्या पुढाकारातून उभे राहिलेले आंतरराष्ट्रीय बायोटेक पार्क आहे, तेथे मध्यम आकाराच्या प्रयोगशाळा चालतात. लसी आणि जैविक औषधांचे मोठे उत्पादन हडपसर-मांजरी भागात होते. औषधांचे मूळ रसायन बनवायचे असेल, तर दौंडजवळच्या कुरकुंभच्या रासायनिक क्षेत्राचा विचार करावा लागतो. ल्युपिनचे संशोधन केंद्र मुळशी तालुक्यात नांदे येथे आहे. संगणक कंपन्यांना खराडी आणि मगरपट्टा जवळचे वाटतात. शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी जमीन न विकता एकत्र येऊन सुमारे ४०० एकरांवर मगरपट्टा सिटी उभारली. जमीन देणाऱ्याला विकासात वाटा मिळण्याचे इतके यशस्वी उदाहरण आपल्याकडे क्वचितच दिसते.

येथे एक इशारा देतो. सामान्य आयटी इमारतीत प्रयोगशाळा थाटण्याचा मोह टाळावा. आम्ही स्वतः एकदा अशा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली. करार झाल्यानंतर कळले, की धूर बाहेर नेणारी नळी गच्चीपर्यंत नेण्यास परवानगी नाही, वायूच्या टाक्या ठेवता येत नाहीत आणि सांडपाण्याची वाहिनी वेगळी काढता येत नाही. सहा महिन्यांचे भाडे भरून आम्ही तेथून बाहेर पडलो. जागा पाहताना सर्वप्रथम गच्ची, तळघर आणि गटाराची वाहिनी पाहावी. स्वागतकक्ष शेवटी पाहिला तरी चालतो.

प्रश्न: हैदराबाद किंवा बंगळूरु अधिक योग्य नाही का?

काही कंपन्यांसाठी निश्चितच अधिक योग्य आहेत आणि हे मान्य करण्यात पुणेकरांनी कमीपणा मानू नये. हैदराबादची जिनोम व्हॅली ही औद्योगिक वसाहत जीवविज्ञानासाठीच आखलेली आहे आणि तेथे तयार प्रयोगशाळा लवकर मिळतात. बंगळूरुला जोखीम घेणारे भांडवल अधिक आहे. कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू एनआयव्हीने पुण्यात वेगळा केला, पण लस बनली हैदराबादच्या भारत बायोटेकमध्ये. या एका घटनेत पुण्याचे बळ आणि उणीव दोन्ही दिसतात. ज्या कंपनीचे काम मूलभूत विज्ञान, यंत्रनिर्मिती आणि मोठे उत्पादन या तिन्हींना जोडणारे आहे, तिच्यासाठी मी पुणेच सुचवेन. ज्यांना पुढच्या तीन महिन्यांत तयार प्रयोगशाळा हवी आहे, त्यांनी हैदराबाद अवश्य पाहावे.

प्रश्न: राज्य सरकारकडून कोणत्या सवलती मिळतात?

राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची विकासानुसार वर्गवारी केलेली असते आणि पुण्याच्या आसपासचा विकसित पट्टा कमी सवलतींच्या गटात येतो. माहिती-तंत्रज्ञानासाठी २०२३ चे वेगळे धोरण आहे. सवलत हे पुण्यात येण्याचे कारण असू नये, एवढेच मी सांगेन.

प्रश्न: परवानग्यांना किती वेळ लागतो आणि सुरुवात कोठून करावी?

वेळ कामाच्या स्वरूपानुसार बदलतो, परंतु क्रम ठरलेला आहे आणि क्रम चुकला की वेळ दुप्पट होतो. बांधकामाआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना-संमती आणि उत्पादनाआधी संचालन-संमती घ्यावी लागते. अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला वेगळा असतो. जनुकीय बदल केलेल्या सजीवांवर काम करायचे असेल, तर कंपनीत जैवसुरक्षा समिती स्थापन करावी लागते आणि तिच्यात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो. प्राण्यांवर प्रयोग करायचे असतील, तर स्वतंत्र नोंदणी लागते. औषधनिर्मितीचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते, परंतु लसी आणि पुनर्संयोजित डीएनएपासून (जनुके जोडून तयार केलेल्या डीएनएपासून) बनलेल्या औषधांसाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मान्यताही आवश्यक असते. वैद्यकीय उपकरणांना २०१७ चे आणि नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू होतात.

कागदपत्रे एखाद्या मध्यस्थाकडे सोपवून निश्चिंत होणारे पुष्कळ असतात. माझे मत याच्या विरुद्ध आहे: पहिला अर्ज संस्थापकाने स्वतः भरावा. आपल्या प्रयोगशाळेतून कोणते द्रव्य किती प्रमाणात बाहेर पडेल, हे त्या निमित्ताने त्याला प्रथमच नीट मोजावे लागते.

प्रश्न: पाणी, वीज आणि हवामान यांची परिस्थिती कशी आहे?

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि मुंबईपेक्षा कोरडे आहे, त्यामुळे धूळ आणि जंतू रोखणारे स्वच्छ कक्ष थंड ठेवण्याचा खर्च वर्षातील बराच काळ आटोक्यात राहतो. जून ते सप्टेंबर मात्र हवेतील आर्द्रता वाढते आणि भुकटीचे काम करणाऱ्यांना आर्द्रता काढणारी यंत्रे सतत चालवावी लागतात. शहराचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येते. देखभालीसाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्याची महापालिकेची पद्धत जुनी आहे, म्हणून दोन दिवसांचा साठा ठेवावा. शहराबाहेर अनेक ठिकाणी उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागते. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याची गुणवत्ता खेपेगणिक बदलते, त्यामुळे शुद्धीकरणाची रचना सर्वांत वाईट पाणी गृहीत धरून करावी. विजेसाठी जनित्र अपरिहार्य आहे. उणे ८० अंशांच्या शीतपेट्या स्वतंत्र जोडणीवर ठेवाव्यात आणि जनित्राची चाचणी प्रत्यक्ष भार देऊन दर आठवड्याला करावी.

प्रश्न: सांडपाणी आणि घातक कचऱ्याचे काय करावे?

घातक कचऱ्यासाठी रांजणगावला प्रक्रिया केंद्र आहे आणि जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांनुसार अधिकृत सामायिक केंद्राशी करार करावा लागतो. हे झाले नियमांचे उत्तर. त्यापलीकडे एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. मुळा-मुठा आणि इंद्रायणीची अवस्था आपण सर्वजण पाहतो. आळंदीच्या घाटावर फेसाळलेल्या पाण्यात उतरणारे वारकरी दरवर्षी दिसतात. पुणे परिसरातील नद्यांचे पाणी भीमेतून पुढे उजनी धरणात जाते आणि त्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यातील गावे जगतात. प्रतिजैविकांचे अंश असलेले सांडपाणी नदीत गेले, तर औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होण्यास मदत होते. म्हणजे औषध बनवणारी कंपनीच आपल्या औषधाचा परिणाम कमी करते. म्हणून सजीव द्रव्य बाहेर सोडण्यापूर्वी उष्णतेने निष्क्रिय करण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून असावी. जागेच्या अभावी ती पुढे ढकलणाऱ्या कंपनीने उत्पादनही पुढे ढकलावे.

प्रश्न: मनुष्यबळ कसे मिळते? मराठी येणे आवश्यक आहे का?

पदवीधर पुष्कळ मिळतात, पण निर्जंतुक वातावरणात न चुकता काम करणारे तंत्रज्ञ कमी मिळतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), सातारा, सोलापूर, लातूर येथील महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मुलामुलींना मी आवर्जून संधी देईन. त्यांच्याकडे हाताने काम करण्याची तयारी असते आणि ते सहसा नोकरी लवकर बदलत नाहीत. कार्यपद्धतीची कागदपत्रे इंग्रजीत असतात, परंतु प्रशिक्षण मराठीत दिले तर चुका कमी होतात, असा माझा अनुभव आहे. हातमोजे बदलण्याचा नियम का आहे, हे ज्याला स्वतःच्या भाषेत समजले, तो कोणी पाहत नसतानाही तो नियम पाळतो. ग्रामपंचायत, वायरमन आणि शेजारचा शेतकरी यांच्याशीही मराठीतच बोलावे लागते.

प्रश्न: वैद्यकीय चाचण्यांसाठी येथे सोय आहे का?

आहे, आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयांपुरती ती मर्यादित नाही. शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र अनेक दशके ग्रामीण लोकसंख्येच्या आरोग्याची नोंद ठेवत आले आहे. बाळांच्या रोटाव्हायरस अतिसारावरील रोटाव्हॅक या भारतीय लसीची मोठी चाचणी दिल्ली आणि वेल्लोरबरोबर येथेही झाली. आपल्या बाळाला चाचणीत सहभागी करू देणाऱ्या त्या गावांतील आयांचा विश्वास वर्षानुवर्षांच्या सेवेतून मिळालेला आहे. त्याचा लाभ घेऊ पाहणाऱ्या कंपनीने संमतिपत्र मराठीत आणि सोप्या भाषेत लिहिण्यापासून सुरुवात करावी.

प्रश्न: वाहतुकीबद्दल ऐकलेल्या तक्रारी खऱ्या आहेत का?

खऱ्या आहेत. हिंजवडीत सकाळ-संध्याकाळ दहा किलोमीटरला तास लागू शकतो आणि पावसात रस्त्यांवर पाणी साचते. एमआयडीसी, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), ग्रामपंचायती आणि शेजारची महापालिका यांत जबाबदारी विभागलेली असणे हे त्याचे मोठे कारण आहे. शिवाजीनगर ते हिंजवडी या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गिकेकडून मोठी अपेक्षा आहे. मालवाहतुकीसाठी २००२ पासून पूर्ण वापरात असलेला द्रुतगती मार्ग न्हावाशेवा बंदराला जोडतो. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असल्याने त्याला मर्यादा आहेत, आणि शीतसाखळीतला निर्यातीचा माल बहुतांशी मुंबईमार्गे जातो.

प्रश्न: पहिल्या भेटीत काय पाहावे?

किमान चार दिवस ठेवावेत आणि पावसाळ्यात यावे, कारण त्या वेळी रस्ते, गच्च्या आणि गटारे यांची खरी स्थिती कळते. पहिला दिवस पाषाणसाठी राखून ठेवावा आणि व्हेंचर सेंटरमध्ये काम करणाऱ्या दोन-तीन तरुण संस्थापकांशी बोलावे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हिंजवडीला स्वतः गाडी चालवत जावे. तिसरा दिवस भोसरीतील लहान कारखान्यांना द्यावा आणि आपल्या उपकरणाचे रेखाचित्र सोबत न्यावे. चौथ्या दिवशी मनातल्या जागेच्या शेजारी आधीपासून असलेल्या कंपनीच्या देखभाल विभागातील माणसाला गाठून, गेल्या उन्हाळ्यात टँकर किती आले आणि वीज किती वेळा गेली, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.